क्रोम डिस्कचे प्लेटिंग पहिल्याच पावसाळ्यात सुटल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : जुन्या धाटणीच्या १५ इंची क्रोम डिस्क (चार आणि स्टेपनी) सदोष निघाल्यामुळे पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीकडून मी गुढीपाडव्याच्या आधी पाच क्रोम डिस्क, म्हणजे टायर ज्यांवर चढतो ती चाके, घेतल्या. बिल ५८,५०० रुपयांचे, वाहतूक वेगळी. आज त्यांतल्या चार डिस्कवर गंज आहे आणि पाचवी गाडीवर चढवण्याच्या लायकीची नाही. फोनवर तक्रार केली, फोटो पाठवले. त्यावर आपल्याकडून आलेले उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

गाडी १९६८ ची ॲम्बेसेडर मार्क टू, माझ्या वडिलांनी घेतलेली. या गाडीचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले, त्यामुळे तिचा प्रत्येक सुटा भाग जपून वापरावा लागतो. मूळ लोखंडी डिस्क आतून खराब झाल्या होत्या. टायरची कड बसते त्या जागी गंजाच्या खपल्या निघून ट्यूब घासायची आणि पंक्चर व्हायची. म्हणून नव्या डिस्क घेणे भाग होते. तारांची चाके मी आधीच बाजूला ठेवली होती. त्यांना हबच (चाक बसते तो मधला भाग) वेगळा लागतो, तारांचा ताण वरचेवर बघावा लागतो, आणि प्रत्येक तारेच्या बुडाशी माती धरते. क्रोम केलेले ॲलॉय व्हीलही नको होते. प्लेटिंगला, म्हणजे वरच्या मुलाम्याला, कुठे चीर गेली की आतले ॲल्युमिनियम पांढरे पडते आणि वरचा थर सालीसारखा निघतो. शिवाय या गाडीच्या अंगावर ते शोभतही नाही. दणकट पोलादी डिस्क, तिच्यावर नीट केलेले क्रोम आणि मूळ ५.९०-१५ चे टायर, एवढेच मला हवे होते. आपल्या जाहिरातीत नेमके तेच होते.

पैसे भरण्याआधी मी आपल्या विक्री प्रतिनिधीला विचारले होते, "निकेल किती मायक्रॉन आहे?" म्हणजे निकेलच्या थराची जाडी किती; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांनी आकडा सांगितला नाही. व्हॉट्सॲपवर लेखी उत्तर आले : "कॉपर, निकेल, क्रोम असे तीन थर, सर्व हवामानात टिकाऊ, दोन वर्षांची वॉरंटी." तो संदेश सोबत जोडला आहे. माझी सगळी हयात शिवाजी उद्यमनगरात मशीनशॉपमध्ये गेली. निकेलचा आकडा विचारण्यामागे कारण होते आणि ते आपल्यालाही माहीत असणार. चमक क्रोमची असते, पण गंज अडवण्याचे काम निकेल करते. शोभेच्या कामात क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही कमी असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतातच. त्याच्याखाली निकेल भरपूर नसेल, तर पाणी थेट लोखंडापर्यंत पोचते. उघड्यावर, पावसापाण्यात वापरायच्या पोलादी भागावर ३० मायक्रॉनच्या आसपास निकेल लागते, तेही दोन प्रकारचे : खाली अर्धचकाकीचे आणि वर चकचकीत. त्यामुळे गंज खोल न जाता वरच्या थरातच आडवा पसरतो. निकेल-क्रोम प्लेटिंगसाठी आयएस १०६८ हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख आपल्या कागदांवर कुठेच नाही.

आता प्रत्यक्ष काय झाले ते सांगतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. श्रावण लागायच्या आत पुढच्या डाव्या डिस्कवर, रिम आणि मधली पत्र्याची ताटली जिथे जोडली आहे त्या सांध्याखाली, तांबूस ओघळ दिसला. पुसला की जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. चाक कोरड्या गॅरेजमध्ये उभे असतानाही यायचा. म्हणजे पाणी बाहेरून येत नव्हते, सांध्यात अडकलेले बाहेर पडत होते. प्लेटिंगच्या टाक्यांतले आम्ल या फटीत शिरते. ते नीट धुऊन, सुकवून काढले नाही, तर आतल्या आत लोखंड खात राहते. थोड्या दिवसांनी त्याच जागी मोहरीएवढे फोड आले. एका फोडावर नख लावले तर पापुद्रा उचलून आला. त्याच्याखाली काळपट लोखंड होते. तांब्याचा लालसर रंग कुठेही नव्हता.

एवढ्यावर मी थांबलो नाही. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी प्रयोगशाळेत एक डिस्क एक्स-रे पद्धतीने तपासून घेतली. डिस्कच्या दर्शनी भागावर निकेल ११ मायक्रॉन, आतल्या खोलगट भागात ४ मायक्रॉन. तांबे शून्य. खोलगट जागी वीजप्रवाह कमी पोचतो, म्हणून तिथे थर पातळ बसतो, हे प्लेटिंग करणारा कोणीही कारागीर सांगेल. त्यासाठी टाकीत जादा ॲनोड (वीजप्रवाह पोचवणाऱ्या पट्ट्या) लावावे लागतात, वेळ द्यावा लागतो. आपल्याकडे तो दिलेला दिसत नाही. पातळ थराचे एकवेळ समजू शकेन. पण जो थर दिलाच नाही, तो दिला म्हणून लिहून देणे ही चूक नव्हे, फसवणूक आहे.

आपले उत्तर असे आले : "कोल्हापुरात पाऊस जास्त, गाडी धुताना साबण वापरला असेल, हा उत्पादन दोष नाही." पाऊस आहेच. पण याच गाडीचे पुढचे-मागचे बंपर आणि व्हील कॅप मी इथल्याच एका प्लेटिंगवाल्याकडून आपल्या डिस्कच्या कितीतरी आधी क्रोम करून घेतले. तोच पाऊस, तेच गॅरेज, तीच बादली, तेच फडके. बंपरवर आज एक ठिपका नाही. डिस्क घेतल्यापासून गाडी कोकणातल्या खाऱ्या हवेतही गेलेली नाही, जोतिबा आणि पन्हाळ्याच्या पुढे ती गेलीच नाही. ॲसिडचा क्लीनर मी कधी वापरत नाही. साधे पाणी, मऊ कापड आणि वरून मेण. ही काळजी घेऊनही जे टिकले नाही, त्याला "सर्व हवामानात टिकाऊ" कसे म्हणायचे?

गंजापेक्षाही गंभीर गोष्ट पुढची आहे आणि ती आपल्या तंत्र विभागाने स्वतः वाचावी ही विनंती. चाकाचे नट ज्या निमुळत्या बैठकीवर बसतात, तिथेही आपण प्लेटिंग केले आहे. नट आवळल्यावर तो थर चिरडला जातो, त्याची भुकटी होते आणि नटाची पकड सैल पडते. माझ्या गाडीचे नट टॉर्क रेंचने नीट आवळलेले असताना थोडे अंतर चालवल्यावर पुन्हा फिरले. मला सवय आहे म्हणून तपासले. ज्याला ही सवय नाही, त्याचे चाक घाटात निघाले तर जबाबदार कोण? ही बैठक झाकून ठेवूनच प्लेटिंग करायला हवे. पाचव्या डिस्कचा आउट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, डायल गेजवर (तो मोजण्याच्या घड्याळी मापकावर) अडीच मिलिमीटर निघाला. तिच्यावर वजने लावून स्टिअरिंगची थरथर जात नाही, कारण ती बॅलन्सिंगची नव्हे, वाकड्या जोडकामाची आहे.

जुन्या गाडीचे वेड ही कोल्हापुरात नवी गोष्ट नाही. शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा तिच्या चाकांपासून दिव्यांपर्यंत निरखणारी माणसे या गावात पिढ्यान्पिढ्या आहेत. इथल्या फाउंड्रीत, मशीनशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला धातूचे काम कळते. वडिलांच्या गाडीला चांगली चाके मिळावीत म्हणून मी मागितली ती किंमत घासाघीस न करता दिली. म्हणूनच मनस्ताप जास्त झाला.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पाचही डिस्कची पूर्ण रक्कम, वाहतूक आणि तपासणीच्या खर्चासह परत द्यावी आणि डिस्क आपल्या खर्चाने घेऊन जाव्यात. बदली डिस्क मला नकोत. कारण त्याच टाक्यांतून आलेल्या दुसऱ्या डिस्कवर मी विश्वास ठेवू शकत नाही. याच खेपेच्या डिस्क ज्यांना विकल्या, त्या सर्वांना नटांच्या बैठकीबद्दल तातडीने कळवावे. रक्कम मिळाली तरी या मागणीचा पाठपुरावा मी सोडणार नाही. आणि यापुढे बिलावर निकेलची जाडी मायक्रॉनमध्ये लिहावी, तीही खोलगट भागातली, दर्शनी भागातली नव्हे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे आपल्या बिलावरच्या "वाद आमच्या शहराच्या न्यायकक्षेत" या ओळीची मला अडचण नाही. डिस्क उतरवून, खुणा करून, कोरड्या जागी ठेवल्या आहेत. आपला माणूस पाहणीला आला तर दाखवेन, पण पैसे मिळेपर्यंत किंवा आयोगाचा निर्णय होईपर्यंत हातात देणार नाही.

आपला,
एक ग्राहक,
कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, व्हॉट्सॲप संदेशाची छापील प्रत, प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल, डिस्कचे आणि नटांच्या बैठकीचे फोटो, त्याच गाडीच्या बंपरचा त्याच दिवशी काढलेला फोटो.