तिळगूळ घेऊनही गोड न बोलल्याबद्दल

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. घरी येऊन आभार मानायला गेले तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय संपवता. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा मी तुम्हाला ती संधी देणार नाही.

येत्या जुलैत माझी मेडिकल स्कूल सुरू होते. ह्यूस्टनच्या आपल्या मंडळात ही बातमी पसरली आणि आईला फोन यायला लागले. प्रत्येकाचा प्रश्न तोच, मार्क किती होते? एकानेही विचारलं नाही की कोर्सचे नंबर काय होते. तुम्ही पहिल्याच भेटीत तेच विचारलं होतं.

तारीख माझ्या लक्षात आहे, 15 जानेवारी 2023. संक्रांत रविवारी आली होती, म्हणून मंडळाचा कार्यक्रम त्याच दिवशी. आम्हाला इथे येऊन जेमतेम सात महिने झाले होते. आत्याने मी पाळण्यात असताना भरलेला अर्ज अखेर मंजूर झाला आणि सांगलीचं घर आवरून आम्ही चौघं ग्रीन कार्डावर इथे आलो. बारावी झाली होती. नीटमध्ये सरकारी कॉलेज मिळण्याइतके मार्क पडले नव्हते आणि खाजगीची फी बाबांच्या आवाक्याबाहेर होती. अमेरिकेत गेल्यावर बघू, असं सगळे म्हणाले. बघायचं काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

पहिली दोन वर्षं जिथे शिकून पुढे विद्यापीठात जातात त्या कम्युनिटी कॉलेजातलं माझं पहिलं सेमिस्टर नुकतंच संपलं होतं. चार विषय, चारही 'ए'. आई पदराखालून दिवा न्यावा तशी ती बातमी घेऊन हॉलभर फिरत होती. सगळे म्हणत होते, वा, डॉक्टरीणबाई! कुणीतरी आनंदीबाई जोशींचं नाव काढलं, त्याही इथेच शिकल्या म्हणे. तुम्ही हातातला तिळगूळ तोंडात टाकून म्हणालात, "त्या 1883 साली आल्या. तेव्हा कॉलेजची पदवी कुणी मागत नव्हतं, तीन वर्षांत एम.डी. मिळत होती. हिची गोष्ट वेगळी आहे." मग माझ्याकडे वळलात. "पोरी, ट्रान्सक्रिप्ट आहे का फोनवर?"

कोर्सचे नंबर आणि ग्रेड असलेली ती गुणपत्रिका होती फोनवर. तुम्ही चष्मा कपाळावर सारलात, स्क्रीन नाकाजवळ धरलीत. ग्रेडकडे तुम्ही बघतच नव्हतात. सातबारा वाचणारा माणूस जसा आधी गट नंबर शोधतो, तसं तुमचं बोट डावीकडच्या आकड्यांवरून खाली सरकत होतं. बायोलॉजी 1408 पाशी थांबलं. केमिस्ट्री 1405 पाशी पुन्हा थांबलं.

"हे दोन्ही चालणार नाहीत."

आईचा चेहरा मला अजून दिसतो. बाबा म्हणाले, अहो, ए आहे ना? तुम्ही म्हणालात, "ए आहे. जीपीएत, ग्रेडच्या सरासरीत राहील. पण मेडिकलच्या पात्रतेत हे आठ क्रेडिट शून्य." आजूबाजूला सगळे "तिळगूळ घ्या, गोड बोला" करत होते. मला तुमचा इतका राग आला होता काका, की मी तुमचा तिळगूळ पर्समध्ये टाकला, खाल्लाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तुमच्या दारात उभी होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी होती आणि मंगळवारपासून वर्ग सुरू. आई म्हणत होती, आज किंक्रांत, आज काही महत्त्वाचं करू नका. तुम्ही म्हणालात, "वहिनी, रजिस्ट्रेशनच्या सिस्टीमला किंक्रांत कळत नाही." काकूंनी भाकरी आणि सोलापुरी शेंगा चटणी पुढे ठेवली. तुम्ही भारतीय किराणा दुकानाच्या जुन्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान फाडलंत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर 1408 हा आकडा एवढा मोठा लिहिलात की मला परत शाळेत बसल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी जे शिकले ते इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण मंडळात ते अजून कितीतरी जणांना माहीत नाही. टेक्सासच्या कम्युनिटी कॉलेजांत कोर्सचे नंबर सगळीकडे एकाच पद्धतीने देतात. पहिला आकडा पातळीचा, 1 म्हणजे पहिल्या वर्षाचा, 2 म्हणजे दुसऱ्या. दुसरा आकडा क्रेडिटचा, म्हणजे तो कोर्स पदवीत किती वजनाचा धरतात त्याचा. शेवटचे दोन त्या कोर्सची ओळख. म्हणून 1406 आणि 1408 हे दोन्ही पहिल्या वर्षाचे, दोन्ही चार क्रेडिटचे, दोन्हींत लॅब आणि दोन्हींचं नाव बायोलॉजी. पण 1406 विज्ञानात पदवी घेणाऱ्यांसाठी असतो, 1408 इतरांसाठी. ज्याला इतिहासात किंवा अकाउंटिंगमध्ये पदवी घ्यायची आहे आणि एक विज्ञान विषय करावाच लागतो, त्याच्यासाठी. केमिस्ट्रीतही तेच, 1405 हा ओळख करून देणारा आणि 1411 हा खरा जनरल केमिस्ट्रीचा. टेक्सासमधल्या मेडिकल स्कूलना सायन्स मेजरचेच कोर्स लागतात. मी जो कोर्स घेतला त्यात पेशी होती, डीएनए होता, बेडूकही होता. बारावीत हे सगळं झालेलं असल्याने सोपं गेलं, आणि सोपं जातंय म्हणून मी खूश होते. ते का सोपं जातंय, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

ॲडव्हायजरने मला तो कोर्स का सुचवला? मी सकाळच्या वेळेचा वर्ग मागितला होता, संध्याकाळी दुकानात काउंटरवर उभी राहायचे म्हणून. सकाळी 1408 लाच जागा होती. मेडिकलला जायचंय हे मी सांगितलं होतं की नाही, आता खात्रीने आठवत नाही. त्या बाईंना दोष देऊन काय करू? त्यांच्यासमोर दिवसाला कितीतरी पोरं बसत असणार. पण तुम्ही भेटला नसतात तर मंगळवारी मी पुढच्या भागांच्या, बायोलॉजी 1409 आणि केमिस्ट्री 1407 च्या वर्गात जाऊन बसले असते, ठरलेलंच होतं ते. आणखी आठ क्रेडिट गेले असते, आणि ते मला तिसऱ्या वर्षी कळलं असतं.

त्या सकाळी तुमच्या डायनिंग टेबलावर बसून मी ते दोन्ही रद्द केले आणि 1406 आणि 1411 घेतले. 1411 साठी कॉलेज अल्जेब्रा आधी झालेला लागतो, तो माझा झाला होता. "चला, निदान गणिताने तरी लाज राखली," हे तुमचं वाक्य. कौतुकाच्या जवळ जाणारं तुमच्या तोंडचं पहिलं वाक्य तेच होतं, म्हणून जपून ठेवलंय.

त्या पानावर मग पुढची तीन वर्षं उतरली. पहिल्या रांगेत बायोलॉजी, खाली 14 हा आकडा आणि त्याभोवती गोल. टेक्सासच्या बहुतेक मेडिकल स्कूलना जीवशास्त्राचे तेवढे क्रेडिट तास लागतात. बायोलॉजीचे 1406 आणि 1407 मिळून आठच होतात. उरलेले सहा कुठून आणायचे, तर विद्यापीठात गेल्यावर वरच्या पातळीच्या कोर्सांतून. जनरल केमिस्ट्री दोन सेमिस्टर, ऑरगॅनिक, फिजिक्स, इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स. आणि बायोकेमिस्ट्रीखाली दोन रेघा. "ही तोंडओळखीची नको, वरच्या वर्षांची हवी." 2015 साली एमकॅटचं, म्हणजे इथल्या मेडिकल प्रवेशपरीक्षेचं, स्वरूप बदललं तेव्हापासून तिथेही बायोकेमिस्ट्रीला मोठं स्थान आलंय, आणि मानसशास्त्र-समाजशास्त्राचा एक अख्खा विभागही. समाजशास्त्राचा एक कोर्स घे असं तुम्ही लिहिलंत तेव्हा बाबांना वाटलं काकांचं काहीतरी चुकतंय, डॉक्टरला समाजशास्त्र कशाला!

मी विचारलं होतं, एवढं सगळं कुणी ठरवलं? तुम्ही निवृत्त होईपर्यंत विद्यापीठाच्या रजिस्ट्रार कचेरीत इतरांचे ट्रान्सक्रिप्ट तपासलेत, तुमच्याकडे उत्तर तयार होतं. 1893 साली जॉन्स हॉपकिन्सने मेडिकलसाठी आधी पदवी हवी असं म्हटलं तेव्हा तो वेडेपणा वाटला होता. मग 1910 साली अब्राहम फ्लेक्सनरने अमेरिका आणि कॅनडामधल्या 155 मेडिकल स्कूलवर अहवाल लिहिला, आणि कित्येकांकडे धड प्रयोगशाळासुद्धा नाही हे उघड्यावर आणलं. डॉक्टर होण्याआधी निदान दोन वर्षं कॉलेजात विज्ञान शिकलेलं असावं, हा त्याचा आग्रह. "आणि तो स्वतः डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता," हे सांगताना तुम्ही जे हसलात, त्यावरून कळलं की तुम्हाला कारकुनाचा अभिमान आहे.

विद्यापीठात गेल्यावर आपलं एकदा भांडण झालं, तेही लिहिते. माझा जीपीए चांगला होता आणि तो टिकवायचा म्हणून मी एका सेमिस्टरला दोन सोपे, 1000 च्या पातळीचे कोर्स घ्यायचं ठरवलं. तुम्ही फोनवर म्हणालात, "कम्युनिटी कॉलेजातले तुझे ए ते लोक मान्य करतील, पण मग बघतील की ही विद्यापीठात आल्यावर काय पेलते. तिसऱ्या वर्षाला पहिल्या वर्षाचे कोर्स दिसले की वाचणारा तिथेच थांबतो. मी थांबायचो." मी जेनेटिक्स घेतलं, 3000 च्या पातळीचं. बी आला. मी रडले. तुम्ही म्हणालात, हरकत नाही. काका, तुमचं ऐकून चूक झाली असं मी म्हणत नाही, पण हरकत होती. इथे अर्ज भरताना प्रत्येक ग्रेड मोजली जाते आणि विज्ञानाच्या विषयांची सरासरी वेगळी काढतात. तुम्ही आयुष्यभर नंबर वाचलेत, म्हणून तुम्हाला ग्रेड जरा कमी दिसते. एवढं बोलायचा हक्क तुम्ही मला दिलाय असं समजते. तरी एका मुलाखतीत मला नेमकं त्या जेनेटिक्सबद्दलच विचारलं, आणि त्यावर मी दहा मिनिटं बोलू शकले, हेही खरं.

बाकी एमकॅटचे साडेसात तास, मे महिन्यातला अर्ज, निबंध, मुलाखतींचे कपडे, ते सगळं सगळ्यांचंच असतं. टेक्सासच्या सरकारी शाळांना 90 टक्के जागा टेक्सासमध्येच राहणाऱ्यांना द्याव्या लागतात, त्याचाही मला फायदा झाला. तो नशिबाचा भाग, त्याचे आभार आत्याला.

सांगलीला अजून कुणाला पटत नाही. मामा मागच्या आठवड्यात म्हणाला, चार वर्षं झाली जाऊन आणि तू आता पहिल्या वर्षाला? मग इतकी वर्षं केलं काय? माझ्याबरोबर बारावी झालेली मैत्रीण मिरजेला एमबीबीएसच्या शेवटाकडे आली आहे, पुढे वर्षभराची इंटर्नशिप की साडेपाच वर्षांत मोकळी. माझी इथली चार संपली, पुढची चार आता सुरू होतील, त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. मामाला मी ते कॅलेंडरचं पान व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "अक्षर कुणाचं आहे? तलाठ्यासारखं आहे." तुम्हाला ही पदवी आवडेल असं वाटलं म्हणून कळवते.

ते पान माझ्याकडेच राहणार आहे. 1408 वर तुम्ही मारलेली काट आहे त्यावर, काकूंच्या चटणीचा तेलकट डागही आहे, आणि अगदी खाली कोपऱ्यात, मी त्या दिवशी न वाचलेलं एक वाक्य आहे. "आठ क्रेडिट गेले, वर्ष वाचलं." ते मी घरी आल्यावर वाचलं. पर्समधला तिळगूळही मग खाल्ला, थोडा चिकट झाला होता.

येत्या शनिवारी धाकट्याला घेऊन येते आहे. तो बारावीला आहे, एपी बायोलॉजीत, म्हणजे हायस्कूलमध्येच देतात त्या कॉलेज पातळीच्या परीक्षेत, पाचपैकी पाच मिळालेत आणि आता कॉलेजात बायोलॉजी घ्यायचीच गरज नाही असं तो सगळीकडे सांगत सुटलाय. काही मेडिकल स्कूल एपीचे क्रेडिट धरतात, काहींना त्याऐवजी वरच्या पातळीचं जीवशास्त्र लागतं, हे मी त्याला सांगून पाहिलं. माझं ऐकत नाही, ताई आहे ना मी. आई त्याच्यासोबत बेसनाचे लाडू पाठवणार आहे. ते खा, आणि मग त्याच्याशी अजिबात गोड बोलू नका.

काकूंना नमस्कार.

तुमची,
1406 वाली