प्रथिनाची रचना कळली, कार्याचे काय?

महोदय,

प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या 'अल्फाफोल्ड' या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणकप्रणालीसाठी डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, पण रचना कळली म्हणजे कार्य कळले, असे नव्हे. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम हे प्रथिन जिवाणूंची पेशीभित्तिका तोडते, तर जवळपास त्याच घडणीचे दुधातील अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन दुग्धशर्करा तयार होण्यास मदत करते. म्हणूनच मशीन लर्निंगने (माहितीवरून संगणकाने स्वतः शिकण्याच्या तंत्राने) रचनेवरून वर्तवलेले कार्य प्रयोगशाळेत पडताळावेच लागते, आणि खरा कस तेथेच लागतो. आपल्या डाळिंब बागांना छळणाऱ्या तेल्या रोगाच्या जिवाणूतील कितीतरी प्रथिनांचे कार्य आजही अज्ञात आहे. अल्फाफोल्डच्या रचना सर्वांना विनामूल्य खुल्या असताना, केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र व सोलापूर विद्यापीठ यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन हे काम अग्रक्रमाने हाती घ्यावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सोलापूर