विषय: टाकीत उतरण्याच्या व्हीआर प्रशिक्षणातला जीवघेणा दोष

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाशी आत्ताच फोनवर बोलणं झालं. उद्या "आम्हाला कोणी कळवलंच नाही" असं व्हायला नको, म्हणून लेखी देतोय.

ईटीपीची, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणाची, टाकी साफ करणाऱ्या कामगारांसाठी आम्ही तुमचे व्हीआर (आभासी दृश्याचे) हेडसेट घेतले. त्यातला हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा प्रसंग तुम्हाला माहीतच आहे: आतला सोबती कोसळतो, वरचा कामगार शिडीनं तसाच खाली उतरून त्याला ओढून काढतो. पाठीवर हवेचा सिलिंडर नाही, कमरेला लाइफलाइन नाही. तरी पडद्यावर येतं "शाब्बास, उत्तीर्ण!" माणसाला वरूनच ओढून काढायचे ट्रायपॉड आणि विंच शेजारीच उभे, पण त्यांना हात लावला तर काहीच होत नाही. आमचा एक हेल्पर हेडसेट काढून मला म्हणाला, "साहेब, आता खरंच कुणी पडलं तर मी काढतो." माझ्या पोटात गोळा आला.

हे सगळं मी सपोर्टला सांगितलं. उत्तर मिळालं, "सर, थोडं थ्रिल लागतं, नाहीतर मुलं बोअर होतात." मुलं? घर चालवणारी माणसं आहेत ती! मी म्हटलं, खऱ्या टाकीत असा उतरणारा मरतो. तर म्हणे, "पण सर, तो मित्राला वाचवतोय ना, मेसेज पॉझिटिव्ह आहे." मी बोलत असतानाच त्यानं फोन ठेवला आणि वर पाच स्टार द्या म्हणून लिंक पाठवली.

बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला उतरलेले असतात, हे अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेनं १९८६ सालीच छापलंय. हा वायू हवेपेक्षा जड. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास तर त्याचा वासच येईनासा होतो. तुमचा गॅस डिटेक्टर मात्र मॅनहोलच्या तोंडाशी एकदा धरला की हिरवा! वर, मध्ये, तळाशी तपासायचं, आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी, हे कुठेच नाही. आणि पुन्हा सांगतो, सिलिंडरशिवाय उतरणाऱ्याला "शाब्बास" मिळते.

पुण्यातली कंपनी म्हणून मी तुमच्यासाठी व्यवस्थापनाकडे शब्द टाकला होता. फार वाईट वाटलं.

येत्या सोमवारपर्यंत तो प्रसंग बंद करा आणि दुरुस्तीची तारीख लेखी कळवा. तोवर उरलेलं बिल निघणार नाही. उत्तर आलं नाही तर हेच पत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आणि भोसरी-चाकणमधल्या माझ्या ओळखीच्या प्रत्येक सुरक्षा अधिकाऱ्याकडे जाईल.

सुरक्षा अधिकारी,
भोसरी एमआयडीसी, पुणे