रात्रपाळीच्या सिस्टर आणि मावशींना

वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठर लहान करण्याचं ऑपरेशन, करायचं ठरवलं तेव्हा घरात 'जेवण कमी कर की' एवढंच ऐकलं होतं. या ऑपरेशनात जठराचा जवळपास ८० टक्के भाग काढतात, आणि त्या रात्री ठणकत होता तो खांदा! दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे असं होतं, हे सिस्टरनी न हसता समजावलं. पायात गुठळी होऊ नये म्हणून मावशींनी हाताला धरून कॉरिडॉरमध्ये चालवलं, सलाईनचा स्टँडही त्याच ढकलत होत्या. नंतर उलटीच्या धास्तीने पाणी जाईना. सिस्टरनी औषधाच्या मापात ३० मिली घेतलं, शेजारी बसून चमच्याने पाजलं. "ताई, घाई कसली? सावकाश." माझ्या वजनाबद्दल दोघींनी चकार शब्द काढला नाही, हे विशेष. डिस्चार्जच्या वेळी तुमची ड्युटी संपलेली, म्हणून इथे लिहितेय. मनापासून आभार.