धरणाचा दगडी भराव किती बसला, याच्या नोंदी कोणत्या मागाव्यात?

संपादक महोदय,

टिहरीसारख्या २६०.५ मीटर उंच माती-दगडाच्या धरणाचा भराव बांधकाम चालू असतानाच बसू लागतो, म्हणजे स्वतःच्या वजनाने दबून खाली जातो. वजन चढले की दगडांची टोके एकमेकांवर चुरडतात, भिजल्यावर आणखीच. म्हणूनच दगडी भराव साधारण मीटरभर थरात पसरून, मुद्दाम भिजवून, त्यावर १० टनी व्हायब्रेटरी (थरथरत दाबणाऱ्या) रोलरच्या चार-सहा फेऱ्या मारतात. पाण्याचा टँकर वाचवला, तर धरणात पहिल्यांदा पाणी भरतानाच भराव एकदम बसतो. बांधकामात सर्वाधिक बसणे माथ्यावर नव्हे, मधल्या उंचीवर दिसते, कारण तिथे खाली दबणारा भरावही असतो आणि वर भारही. खरी भीती गाभ्याची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मधल्या भागाची. चिकणमातीचा गाभा शेजारच्या दगडापेक्षा जास्त बसला, तर तो कडांना लटकतो, आतला दाब घटतो आणि पाणी त्यात भेग पाडू शकते. त्यामुळे गाभा आणि दगडी भराव यांच्या बसण्याच्या नोंदी वेगवेगळ्या मागाव्यात. नुसत्या माथ्याच्या पातळीवरून आत काय चालले आहे ते कळत नाही.

— एक स्थापत्य अभियंता, नाशिक