टेस्ट बल्बवाल्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

बंद पडलेली आमची पिकअप तुम्ही सुरू करून दिलीत. पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच प्यायलात. मग आभार असे उघडच मानतो, म्हणजे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या बाकीच्या पिकअपवाल्यांच्याही कामी येतील.

जुनी डिझेल पिकअप चालता चालता बंद पडली आणि सेल्फ मारून उठेना, की आमच्याकडे पहिला घाव डिझेल पंपावर पडतो. उतरवा पंप, पाठवा पंपवाल्याकडे. तुम्ही पान्याला हात लावायच्या आधी विचारलंत, "मेली कशी? एकदम, की आचके देत?" हे आभार मुख्यतः त्या एका प्रश्नाचे.

एकदम म्हणजे कुणी किल्ली फिरवून बंद करावी तशी. तशी मेली तर आधी करंट बघायचा. आचके देत, ताकद सोडत मेली तर डिझेल कमी पडतंय नाहीतर लाईनमध्ये हवा शिरतेय. कॉमन रेलच्या (म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या गाड्यांच्या) आधीच्या या गाड्यांना चालत राहायला करंट जवळजवळ लागतच नाही. पण रोटरी डिझेल पंपावरचं स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारी डिझेलची झडप, १२ व्होल्टच्या जोरावरच उघडं राहतं. करंट तुटला की आतली स्प्रिंग पिन बसवते, डिझेलची वाट बंद, इंजिन तिथल्या तिथे गप्प. सेल्फ मात्र दणकून फिरतो, म्हणून वायरिंगवर कुणाला संशय येत नाही. (ओढायची स्टॉप केबल असलेल्या गाडीत हाच घोळ केबल अडकून होतो. लिव्हर हाताने पूर्ण मागे येतोय का, ते बघितलं की झालं.)

किल्ली ऑन केल्यावर पंपाजवळ 'टक्' असा आवाज यायला हवा. तो नव्हता. सोलेनॉइडची वायर काढून मीटर लावला, तर १२.३ व्होल्ट. इथे दहातले नऊ जण सोलेनॉइड गेलं म्हणून नवीन आणायला पळतात. तुम्ही खिशातून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब काढलात, एक टोक बॉडीला, दुसरं त्या काढलेल्या वायरला. बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा नुसता लाल झाला.

मीटर करंट खातच नाही म्हटलं तरी चालेल. तारेतला एक धागा शाबूत असला तरी तो बारा दाखवतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, आणि मागितल्यावर वायरचं खरं रूप कळतं. मग बल्ब घेऊन तुम्ही मागे मागे गेलात. फ्यूज बॉक्सपाशी लख्ख, इंजिनच्या बाजूला मंद. मधे एका पट्टीखाली वायरचं वेष्टण घासून गेलेलं, आतलं तांबं हिरवं-काळं, धागे उरलेले दोन-तीन. चार इंच तुकडा कापला, १.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर जोडली, वर स्लीव्ह चढवली आणि पट्टीपासून दूर बांधली. टक् आला.

थंड झाल्यावर हीच गाडी आपोआप का सुरू व्हायची, तेही त्यातच कळलं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. इंजिन तापून ६० अंश चढले की सोलेनॉइडच्या कॉइलचा रोध जवळपास पावपटीने वाढतो. त्यात ही कुजकी वायर. पिन उचलायला जोरच उरत नाही.

बल्ब लख्ख पेटूनही टक् आला नसता, तर मात्र सोलेनॉइडच.

रस्त्यात अडकलं तर बॅटरीच्या प्लसवरून थेट वायर सोलेनॉइडला. आधी सोलेनॉइडचं टोक, मग बॅटरीचं, म्हणजे ठिणगी डिझेलपाशी पडत नाही. मग गाडी किल्लीने बंद होणार नाही, वायर ओढूनच बंद करायची. एका बाबतीत तुमचं ऐकणार नाही, मामा: तुम्ही ती वायर नुसती जोडता, आम्ही मधे १० अँपिअरचा फ्यूज घालणार.

आचके देत मरणाऱ्या गाडीसाठी तुम्ही सांगितलेलंही इथे लिहून ठेवतो. आधी टाकीचं झाकण सैल करायचं. 'सूं' करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. थोडा वेळ उभी ठेवल्यावर सुरू होते आणि काही अंतराने पुन्हा मरते, तर टाकीतली जाळी बघायची. कचरा ओढला जाऊन जाळीला चिकटतो, उभी राहिली की सुटून खाली बसतो. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणीही बघायचं.

सगळ्यात जास्त फसवते ती हवा. "डिझेल गळत नाही, म्हणजे पाइप चांगला," हे आम्ही सगळेच म्हणायचो. ओढणाऱ्या बाजूला, म्हणजे टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंत, फट असेल तर चालत्या गाडीत डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फिल्टर आणि पंपाच्या मधे फूटभर पारदर्शक पाइप टाकला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. पाइपच्या जोडातले तांब्याचे वायसर उघडले की नवेच घालायचे, तिथे कंजूषपणा नको. हवा काढताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बिनफेसाचं डिझेल येईपर्यंत हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) मारायचा. तरी उठेना तर नोझलचे नट १७ च्या पान्याने अर्धा-एक आटा सैल करायचे, सेल्फ मारायचा आणि डिझेल झिरपलं की आवळायचे. हात लांब ठेवायचा, ती धार कातडीत घुसते. सेल्फ एका वेळी १० सेकंदांच्या वर नाही, मधे मिनिटभर विसावा.

आणि पंप खरंच गेला असेल तर? गरम असताना उठत नाही आणि बंद इंजिनच्या पंपावर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवल्यावर उठते, तर पंपाच्या आतलं, डिझेल दाबणारं हेड झिजलंय. तेव्हाच पंप उतरवायचा.

तुमचा बल्ब आमच्याच डॅशबोर्डात राहिलाय. येत्या बाजाराला आणून देतो. त्याच्यासारखे तीन आम्ही बनवून घेतलेत, फक्त वायर दोन मीटर ठेवलीय, टाकीपर्यंत पुरावी म्हणून.

तुमचे,
बाजारातले पिकअपवाले