दाजू, तुमची कानस अजून माझ्याकडेच आहे

प्रिय दाजू,

सप्रेम नमस्कार.

अख्खं कँटीन तुम्हाला दाजू, म्हणजे नेपाळीत मोठा भाऊ, म्हणायचं, म्हणून पत्रातही तेच. पुण्यात तुमची वीसेक वर्षं गेली, सकाळचा पेपर तुम्ही आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचात, तेव्हा तिकडे नेपाळात भोजपूरला हे वाचायला कुणाची मदत लागणार नाही. चारचौघांसमोर लिहितोय, कारण खुकुरी, म्हणजे नेपाळी वाकड्या पात्याची सुरी, गोळा करणारे माझ्यासारखे आणखी काही जण आहेत. मला अक्कल कुठून आली हे त्यांनाही कळू दे.

ती जुन्या बाजारातली आठवते? रविवारी भंगाराच्या ढिगात सापडली, ७०० रुपयांना. गंजलेली, म्यान नाही, मूठ हलणारी. पात्याच्या पाठीवर पुसट अक्षरं: 'श्री ३' आणि पुढे '१९७१'. मी हिशेब लावून मोकळा. नग नंबर तीन, बांगलादेशचं युद्ध! दोन दिवस ऑफिसात भाव खाल्ला. तिसऱ्या दिवशी पिशवीत खुकुरी आणि पॉलिशपेपर घेऊन तुमच्याकडे आलो, तो फक्त थोडं रॉकेल मागायला.

तुम्ही आधी पेपर काढून घेतलात. "सर, हा इंग्रजी साल नाही. विक्रम संवत आहे. सत्तावन्न काढा." वर्षाचे शेवटचे साडेतीन महिने असतील तर छप्पन्न, हेही सांगितलंत. म्हणजे १९१४, फार तर १९१५. आणि श्री ३ म्हणजे नेपाळचे राणा पंतप्रधान. राजा श्री ५, राणा श्री ३. तेव्हा गादीवर चंद्र शमशेर होते. पहिलं महायुद्ध पेटलं त्या सुमाराचं ते पातं, आणि मी त्यावरची अक्षरं पाच मिनिटांत घासून टाकणार होतो. लिपी आपलीच, तरी मला वाचता आलं नव्हतं. तुम्ही रॉकेलच्या फडक्याने नुसता वरचा सैल गंज काढलात, मोहरीचं तेल लावलंत आणि म्हणालात, "काळं राहू द्या. तो त्याचा रंग आहे."

मग दुपारी, भांडी घासून झाल्यावर, मागच्या पायरीवर तुम्ही तुमची कानस काढलीत. खुकुरीच्या पोटाच्या धारेवर हलकेच ओढलीत, ती घसरली. काचेवरून गेल्यासारखा आवाज. मुठीजवळ आणि टोकाकडे ओढलीत, तिथे चावली. पाठीवर तर चांगलीच चावली. लहानपणी वडिलांच्या आरनावर, म्हणजे लोहाराच्या भट्टीवर, तुमचं काम किटली धरायचं, हे तेव्हा कळलं. पातं लालभडक झालं की वडील किटलीच्या बारीक तोंडातून फक्त धारेवर पाणी सोडायचे. पोट कडक, पाठ मऊ. म्हणून लाकडावर घाव घातला तरी पातं तुटत नाही. आमच्याकडे कोयत्याला पाणी पाजतात म्हणतात, तेच हे. फक्त इतकं नेमकं पाजताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

त्यानंतर माझ्या बाकीच्या खुकुऱ्या आणायला लावल्यात, ते मात्र जड गेलं. काठमांडूत, थामेलमध्ये घेतलेली चकचकीत, पितळी सिंहमुखाची, म्यानावर नक्षी. तिच्या पोटावर कानस लोण्यासारखी रुतली. तुम्ही हसला नाहीत, याबद्दल वेगळे आभार. "भिंतीवर छान दिसेल," एवढंच म्हणालात. दुसरीत मात्र रमलात: ट्रकच्या पाट्याचं जाड पोलाद, दोन बाजू किंचित वेगळ्या, मुठीत लाहा (पातं मुठीत घट्ट बसवणारी राळ) भरलेला, म्यानात कर्द ही छोटी सुरी आणि चकमक ही बोथट पोलादी पट्टी दोन्ही शाबूत. दोन बाजू अगदी छापल्यासारख्या सारख्या असतील तर शंका घ्या, हे मी तेव्हापासून पाळतो.

पात्यावर मुठीजवळ असते त्या खाचेचा अर्थ मी विचारला होता. मी वाचलेलं सगळं ऐकवलं: शिवाचा त्रिशूळ, गायीचा खूर, रक्त मुठीपर्यंत येऊ नये म्हणून. तुम्ही कांदे चिरत म्हणालात, "बाबांनी इतक्या केल्या, मला कधी सांगितलं नाही." आणि म्यानातून काढली की रक्त पाजल्याशिवाय परत ठेवायची नाही, ही गोष्ट? तुमच्या आईने त्याच हत्याराने फणस फोडलेला, सरपण तोडलेलं.

एक गोष्ट मात्र तुम्ही इतक्या सहज बोललात की मला उशिरा लागली. गावातल्या घरांची खुकुरी, विळे, कोयते वडील करायचे आणि वर्षाला धान्य मिळायचं, बाली म्हणून. मी म्हणालो, हे तर आमचं बलुतं. तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, दसैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, त्या हत्यारांची घराघरात पूजा व्हायची, आणि ती बनवणाऱ्या कामीला, म्हणजे लोहाराला, उंबऱ्याबाहेर बसावं लागायचं. नेपाळात कायद्याने अस्पृश्यता १९६३ मध्ये गेली. उंबऱ्याला ते कळायला बराच वेळ लागला, असं तुमच्या चेहऱ्यावरून वाटलं. त्यानंतर खुकुरीचा भाव करताना माझी जीभ जरा अडखळते.

तुमचं ऐकलं नाही असं एकदाच झालं. पावसाळ्यात पातं कातडी म्यानात ठेवू नका, ओल धरते, हे सांगितलेलं विसरलो आणि जुलैत एका चांगल्या सिरुपातेवर (निमुळत्या पात्याच्या खुकुरीवर) ठिपके पडले. आता पाती वेगळी, म्यानं वेगळी.

खंडेनवमीला घरी सगळ्या मांडतो. सिंहमुखीसुद्धा. शेजारी तुमची कानस. ती निघताना मागून घ्यायची राहिली तुमची, आणि मीही आठवण केली नाही, हे खरं आहे.

जुन्या बाजारवालीची मूठ अजून हलते. इथल्या फर्निचरवाल्यांची लाख भरू नका, मी लाहा घेऊन येतो, म्हणाला होतात. घाई नाही. येताना कर्द-चकमकीची जुनी जोडी दिसली तर तीही बघा, आणि पैसे आधी सांगा. आल्यावर तुम्ही घेणार नाही हे मला माहीत आहे.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा, बिनसाखरेच्या चहावाला